सुट्टीवरची वर्दी

निवृत्त फौजी माणूस सुट्टीवर गेला आणि रात्रीच्या जेवणाला पूर्ण वर्दी घालून बसला, तर त्यात काही खटकण्यासारखं आहे का?

प्रश्न इतका किरकोळ आहे, की विचारतानाच ओशाळल्यासारखं होतं. कुणाचं काही नुकसान होत नाही. वर्दी खरी, हुद्दा खरा, छातीवरची पदकं खरी. आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं देऊन मिळवलेली. तरीही मला ते दृश्य थोडं टोचतं. नेमकं काय टोचतं हे शोधता शोधता मी बराच लांब गेलो, अगदी आमच्या ऑफिसच्या गेटपर्यंत.

आधी दृश्य डोळ्यांसमोर आणा. समुद्रावरची मोठी प्रवासी जहाजं, म्हणजे आपण ज्यांना क्रूझ म्हणतो ती. क्युनार्ड या जुन्या ब्रिटिश कंपनीचं ‘क्वीन मेरी २’ हे जहाज २००४ पासून साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्कच्या दरम्यान अटलांटिक ओलांडतंय. विमानानं सात-आठ तासांत होणारा प्रवास इथे सात रात्रींचा असतो. लोक मुद्दाम हळू जाण्यासाठी पैसे मोजतात. यातल्या ठरावीक रात्री ‘फॉर्मल’ असतात. बायका लांब गाउनमध्ये, पुरुष काळ्या डिनर जॅकेटमध्ये, नाहीतर गडद सूट आणि टायमध्ये. पोशाखाच्या सूचनेत शेवटी एक सवलत असते, की राष्ट्रीय पोशाख किंवा लष्करी वर्दीही चालेल.

ही सवलत माझ्या वाट्याला कामातून आली. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या टीमकडे परदेशातल्या एका क्रूझ कंपनीचा चॅटबॉट होता. प्रवासाला निघण्याआधी प्रवासी जे शेकडो बारीकसारीक प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं देणारा. जीन्स चालते का, साडी चालेल का, लहान मुलांना टाय लागतो का. त्यात अधूनमधून हाही प्रश्न यायचा : मी निवृत्त आहे, माझा मेस ड्रेस घालू का? उत्तर एका शब्दाचं, ‘हो’. बॉट ते सेकंदात द्यायचा. पण एकानं त्याखाली आणखी एक ओळ लिहिली होती. लोकांना ती शोबाजी तर वाटणार नाही ना, असं त्याला विचारायचं होतं. या प्रश्नाला आमच्या बॉटकडे उत्तर नव्हतं. त्यानं गाउन आणि डिनर जॅकेटची माहिती पुन्हा एकदा चिकटवली.

त्या सवलतीकडे जरा नीट बघा. डायनिंग हॉलमध्ये शिरायचे तीन रस्ते आहेत. पहिला पैशाचा. डिनर जॅकेट कुणीही विकत घेऊ शकतो, भाड्यानंही मिळतं. दुसरा जन्माचा. स्कॉटिश माणसाचा किल्ट, आपला बंदगळा, जपानी बाईचा किमोनो. तिसरा सेवेचा, म्हणजे वर्दी. ती शिवून मिळते, पण नुसते पैसे टाकून ती अंगावर घालायचा हक्क मिळत नाही. सगळे जण सजून बसलेल्या त्या हॉलमध्ये हा एकच कपडा असा आहे, जो बघणाऱ्याला काहीतरी सांगतो आणि त्या सांगण्यावर विश्वास ठेवायला लावतो.

आता मेस ड्रेस म्हणजे काय, ते. सैनिक म्हटलं की आपल्याला आठवतो तो चट्टेरीपट्टेरी लढाईचा पोशाख हा नव्हे. मेस म्हणजे अधिकाऱ्यांचं भोजनगृह. तिथल्या रात्रीच्या औपचारिक जेवणाचा हा पोशाख. कमरेपर्यंतचं आखूड जॅकेट, बाजूला पट्टी असलेली पॅन्ट, बो टाय, आणि नेहमीच्या पदकांऐवजी त्यांच्या छोट्या प्रतिकृती. अमेरिकी लष्कराची नियमावली या ‘ब्लू मेस’ची तुलना सरळ नागरी डिनर जॅकेटशी करते. म्हणजे जहाजावर तो घालणारा काहीतरी भलतंच घालून आलाय असं नाही. शिष्टाचाराच्या हिशेबात त्याचा कपडा त्या खोलीला अगदी योग्य आहे. ज्यांना हे ठाऊक नसतं ते ‘लढाईचे कपडे घालून जेवायला आला’ असं समजून नाकं मुरडतात. ती टीका सोडून देऊ.

उरते ती टीका जास्त अवघड आहे, आणि तिच्याकडे जायला कायद्याच्या वाटेनं गेलेलं बरं. वर्दीविषयीचे कायदे वाचताना मला एक गंमत दिसली. सगळ्यांना भीती एकाच माणसाची आहे, खोट्याची.

आपल्याकडे भारतीय दंड संहितेत कलम १४० होतं, आता भारतीय न्याय संहितेत १६८ आहे. सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूनं तसा पोशाख केला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद. ब्रिटनमध्ये १८९४ चा युनिफॉर्म्स अ‍ॅक्ट आहे. परवानगीशिवाय लष्करी वर्दी घालायची नाही. मात्र नाटकात, म्युझिक हॉलमध्ये आणि सर्कशीत चालेल. अमेरिकेतही नटाला सूट आहे, पण तिथे कायद्यानं एक अट घातली होती, की नाटकामुळे सैन्याची बदनामी होता कामा नये. १९६७ मध्ये डॅनियल शॅक्ट नावाच्या तरुणानं ह्यूस्टनमध्ये, सैन्यभरती केंद्रासमोर रस्त्यावर, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध एक छोटी नाटिका केली. अंगात लष्करी वर्दीचे भाग, हातात पाण्याचं खेळण्यातलं पिस्तूल. सहा महिन्यांची शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७० मध्ये न्यायालयानं ती अटच रद्द केली. सैन्याची स्तुती करायला वर्दी घालता येते आणि टीका करायला येत नाही, हे संविधानात बसत नाही असं ठरलं.

पुढचं प्रकरण आणखी रंजक आहे. कॅलिफोर्नियात एका पाणीपुरवठा मंडळाचे सदस्य झेव्हियर अल्वारेझ यांनी २००७ मध्ये एका बैठकीत आपली ओळख करून देताना सांगितलं, की मी पंचवीस वर्षं मरीन होतो, जखमी झालो, मला मेडल ऑफ ऑनर मिळालंय. यातलं काहीही खरं नव्हतं. असं खोटं बोलणं २००५ च्या ‘स्टोलन व्हॅलर’ कायद्यानं गुन्हा होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला; नुसतं खोटं बोलणं हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं असं सहा विरुद्ध तीन मतांनी म्हटलं. २०१३ मध्ये नवा कायदा आला. त्यात गुन्हा झाला तो पैसा, मालमत्ता किंवा दुसरा प्रत्यक्ष फायदा उकळण्यासाठी पदकांबद्दल खोटं बोलणं.

‘प्रत्यक्ष फायदा’ या शब्दांपाशी मी थांबलो. खोट्या माणसासाठी कायद्यानं बरोबर जागी रेघ ओढलीय. बढाई मार, पण त्यावर वसुली करू नकोस. आता तीच रेघ खऱ्या माणसाला लावून बघा. ज्यानं खरंच बावीस वर्षं सेवा केली तो वर्दी घालून बारपाशी उभा राहिला, कुणीतरी त्याला ड्रिंक पाजलं, कुणी चांगलं टेबल सोडलं, कुणी हात हातात घेऊन ‘तुमच्या सेवेबद्दल आभार’ म्हटलं. कायद्याला यात काडीचाही रस नाही, आणि नसावाच. पण नैतिक प्रश्न मला इथे सुरू होताना दिसतो. खोट्या माणसाबद्दल विचार करायला फारसं काही नसतं, तो खोटा आहे. खरा माणूस आपल्या खरेपणाचं काय करतो, हे जास्त विचार करण्यासारखं आहे.

माझ्या धंद्यात यासाठी दोन शब्द आहेत आणि ज्युनिअर मंडळी त्यांची हमखास गल्लत करतात. ऑथेंटिकेशन म्हणजे तू कोण आहेस हे सिद्ध करणं. ऑथरायझेशन म्हणजे तुला इथे काय करायची मुभा आहे हे ठरवणं. लॉगिन झालं म्हणजे सगळी दारं उघडली असं होत नाही. फॉर्मल नाइटच्या वर्दीचा सगळा वाद पहिल्या पायरीवर अडकलेला आहे. ‘त्यानं ती कमावलीय’ असं म्हटलं की चर्चा संपते. कमावलीय, मान्य. पण इथे, या खोलीत, या लोकांकडून काय मागायला?

तो काही मागत नाही, गप्प जेवतो, असं कुणी म्हणेल. पण वर्दीचं कामच मागणं आहे. ती बनवलीच आहे लांबून ओळखू यावी, बघणाऱ्यानं सरळ उभं राहावं, ऐकावं म्हणून. मुल्ला नसरुद्दीनची गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलीय. साध्या कपड्यांत मेजवानीला गेला तेव्हा कुणी विचारलं नाही, भरजरी कोट घालून गेला तेव्हा मानाचं पान मिळालं, मग त्यानं कोटालाच घास भरवायला सुरुवात केली. गोष्ट आपण यजमानांच्या ढोंगावरची म्हणून ऐकतो. मला हल्ली त्यातला नसरुद्दीन जास्त आठवतो. त्याला ठाऊक होतं की मान कोटाला आहे, आणि त्यानं ते सगळ्यांसमोर उघड केलं. वर्दी घालून जेवणाऱ्याला तेवढी भान ठेवायची सोय नाही. त्याचा कोट आणि तो एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, कारण कोट त्याच्याच आयुष्याचा आहे.

इथवर आलो तेव्हा माझं मत जवळपास पक्कं झालं होतं, की नको, घालू नये. ते डळमळलं जहाजांच्या इतिहासामुळे.

वर्दी आणि आलिशान प्रवासी जहाज या दोन गोष्टी आपल्याला वेगळ्या जगातल्या वाटतात. त्या तशा कधीच नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात जुन्या ‘क्वीन मेरी’ला करडा रंग फासला आणि तिच्यातून सैनिक वाहून नेले. जुलै १९४३ मधल्या एका फेरीत न्यूयॉर्कहून निघताना तिच्यावर १६ हजारांहून जास्त माणसं होती. झोपायच्या जागाही पाळीपाळीनं वापराव्या लागत. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हा ब्रिटिश सरकारनं सुट्ट्यांची जहाजंच ताब्यात घेतली. पी अँड ओ कंपनीचं ‘कॅनबेरा’ कमांडो आणि पॅराशूट रेजिमेंटचे सैनिक घेऊन गेलं. क्युनार्डचं ‘क्वीन एलिझाबेथ २’ १२ मे १९८२ ला साउदॅम्प्टनहून निघालं. त्यावर सुमारे तीन हजार सैनिक होते, स्कॉट्स गार्ड्स, वेल्श गार्ड्स आणि गुरखे. हेलिकॉप्टर उतरावीत म्हणून डेक कापून बदलले. फौजी बुटांनी गालिचे खराब होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर हार्डबोर्ड टाकले.

त्या हार्डबोर्डवर मी बराच वेळ अडखळलो. सैनिक मरायला जाऊ शकतात, पण गालिचा परत पाहिजे. त्या जहाजावरून गेलेल्या वेल्श गार्ड्सपैकी कित्येक जण महिन्याभरात, ८ जूनला, ‘सर गॅलहॅड’ या जहाजावरच्या बॉम्बहल्ल्यात मेले.

आता समजा, त्या वेळी विशीत असलेला एखादा गार्ड्समन आज साठी ओलांडून क्युनार्डच्याच एखाद्या जहाजावर बायकोबरोबर सहलीला आलाय. त्यानं छातीवर फॉकलंडचं पदक लावलं, तर त्याला कोण म्हणणार की बाबा, हे सुट्टीचं ठिकाण आहे, इथे युद्धाची आठवण कशाला? त्याच्यासाठी या कंपनीचं जहाज म्हणजे आधी वर्दी आणि मग सुट्टी. गालिच्यावर हार्डबोर्डशिवाय चालायचा हक्क त्याला नाही तर कुणाला?

मात्र एक बारकावा आहे. ब्रिटनमध्ये निवृत्त सैनिक सहसा वर्दी घालतच नाही. तिथे प्रथा अशी, की निमंत्रणावर तसं लिहिलं असेल तेव्हा साध्या डिनर जॅकेटवर छोटी पदकं लावायची. कपडा नागरी, आठवण फौजी. अमेरिकेत निवृत्त अधिकाऱ्याला निवृत्तीच्या वेळच्या हुद्द्याची वर्दी घालायचा हक्क कायद्यानंच दिलाय. लष्करी अंत्यविधी, लग्नं, स्मृतिसमारंभ, राष्ट्रीय दिवसांची संचलनं असे प्रसंग लष्कराच्या नियमावलीत मोजून दिलेत. क्रूझवरच्या जेवणाचं नाव त्यात नाही. पण अमेरिकेत वर्दीला लोकांकडून मिळणारा प्रतिसाद फार उत्साही असतो, त्यामुळे हा वादही मुख्यतः अमेरिकी प्रवाशांचाच आहे.

त्या उत्साहाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १९७३ मध्ये अमेरिकेनं सक्तीची सैन्यभरती बंद केली. आज तिथे प्रत्यक्ष सैन्यात असलेले लोक लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहेत. बाकीच्यांना युद्ध म्हणजे बातमी. ज्या युद्धात आपलं कुणीच नाही, त्यातून आलेल्या माणसाशी काय बोलायचं हे कळत नाही, म्हणून आभार मानले जातात. आभार मानले की देणं फिटल्यासारखं वाटतं. मला वाटतं, वर्दीवाला प्रवासी डायनिंग हॉलमध्ये शिरतो तेव्हा तो आणि बाकीचे, दोघंही थोडे अवघडतात. त्याला आभार हवेच असतात असं नाही. त्यांना आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

पण त्या खोलीत वर्दी घातलेला तो एकटा नसतो, हे आपण विसरतोय.

क्रूझवर सगळ्यात जास्त वर्दी कर्मचाऱ्यांच्या अंगावर असते. कॅप्टनच्या बाहीवर चार सोनेरी पट्ट्या. ब्रिटिश परंपरेत पट्ट्यांमधल्या रंगावरून खातं ओळखतात : जांभळा इंजिनिअरचा, लाल डॉक्टरचा, पांढरा पर्सर आणि हॉटेल विभागाचा. नौदलातून निवृत्त झालेला कमांडर आपल्या तीन पट्ट्या लावून जेवायला आला, तर नवख्या प्रवाशाला तो जहाजाचाच अधिकारी वाटेल आणि तो त्याला लिफ्ट कुठंय हे विचारेल. यात विनोद आहे, आणि थोडं गांभीर्यही. जहाजावर वर्दीचा एक अगदी कोरडा, व्यावहारिक अर्थ आहे : भोंगा वाजला तर या माणसाच्या मागे जा. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या किनाऱ्यापाशी खडकावर आदळून कलंडलं, ३२ माणसं गेली, आणि प्रवासी अजून जहाजावर असताना कॅप्टन फ्रान्चेस्को स्केत्तिनो जहाज सोडून निघून गेला. न्यायालयानं त्याला १६ वर्षांची शिक्षा दिली. त्याच्या चार पट्ट्यांचा अर्थ त्याच क्षणी संपला होता. वर्दी म्हणजे कुणीतरी तुला हुकूम करू शकतं आणि तू ‘नाही’ म्हणू शकत नाहीस. या व्याख्येनं त्या हॉलमध्ये खऱ्या अर्थानं वर्दीत असलेली माणसं ताटं उचलत असतात.

यात आपली माणसं आहेत. गोव्यात जहाजावर नोकरीला जाणाऱ्याला तारवटी म्हणतात. पिढ्यान् पिढ्या ब्रिटिश जहाजांवर गोवेकर स्वयंपाकी, स्टुअर्ड, वेटर म्हणून गेले. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावांच्या नावानं चालणारे ‘कूड’ होते. जहाज मिळेपर्यंत तिथे मुक्काम. आजही क्रूझवरचे कित्येक वेटर गोव्याचे, मुंबई-वसईचे असतात. काही महिन्यांचा करार, त्यात आठवड्याची सुट्टी असा प्रकार नाही. त्यांच्या जॅकेटवर नाव आणि बऱ्याचदा देशही लिहिलेला असतो. फॉर्मल नाइटला त्यांच्यापैकी कुणालाही ‘आज काय घालू’ हा प्रश्न पडत नाही. आणि त्यांच्या सेवेबद्दलचे आभार बऱ्याचदा बिलातच जोडलेले असतात.

हा विचार करत असताना एका सकाळी आमच्या आयटी पार्कच्या गेटवर मला काका दिसले. म्हणजे रोजच दिसतात, त्या दिवशी मी बघितलं. काका सैन्यात हवालदार होते, सातारा जिल्ह्यातले. बहुतेक जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात, पोरांची शिक्षणं व्हायची असतात, मग सिक्युरिटी एजन्सी. काकांच्या अंगात एजन्सीचा निळा शर्ट, खांद्यावर शिट्टीची दोरी, डोक्यावर टोपी. सकाळी आमच्यासारख्या पोरांच्या गाड्या आत येतात तेव्हा ते सॅल्यूट करतात. सवयीचा, कडक, खरा सॅल्यूट. आम्ही गळ्यातलं आयकार्ड काचेला लावतो आणि पुढे जातो.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याचं कलम २१ सांगतं, की खासगी सुरक्षारक्षकानं लष्कराची, नौदलाची, हवाई दलाची किंवा पोलिसांची वर्दी, किंवा तशी दिसणारी वर्दी घातली, तर त्याला आणि एजन्सीच्या मालकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कायदा योग्य आहे. गेटवरच्या माणसाला लोकांनी जवान समजू नये, हे बरोबरच. पण याचा अर्थ असा झाला, की ज्या माणसानं वर्दी खरोखर कमावली, त्याला पोटासाठी उभं राहिल्यावर तिच्यासारखं दिसायचीही बंदी. तीच गोष्ट मौजेसाठी समुद्रावर केली तर सूचनेत खास सवलत. देश वेगळे, कायदे वेगळे, तुलना तंतोतंत जुळत नाही हे मलाही कळतं. तरी मला टोचत होतं ते काय, हे मला इथे सापडलं. वर्दीचा अभिमान मिरवायलासुद्धा फुरसत लागते, आणि फुरसत सगळ्या सैनिकांना सारखी मिळत नाही.

काकांना मी हा जहाजाचा किस्सा सांगितला. त्यांना क्रूझपेक्षा मेस ड्रेसचं हसू आलं. “आवो सर, मेस ड्रेस साहेबलोकांचा. आम्ही लंगरात ताट घेऊन रांगेत.” लंगर म्हणजे जवानांचं जेवणघर. तुमची वर्दी कुठंय, असं विचारलं तर म्हणाले, “हाय की ट्रंकेत. डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलीय.” मग थोडा विचार करून म्हणाले, “जेवायला कशाला घालायची पण? डाग पडला तर?” सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंडावंदनाला ते साध्या कोटावर पदकं लावून जातात. त्या दिवसाची रजा ते दोन महिने आधीच सांगून ठेवतात.

काकांचं उत्तर मला आवडलं, पण ते शेवटचं मानायला मी तयार नाही, कारण लंगराच्या त्या उल्लेखातच उलटी बाजू दडलेली आहे. अमेरिकी लष्करात मेस ड्रेस सार्जंटलाही घालता येतो. कल्पना करा, ओहायोच्या एखाद्या छोट्या गावातला निवृत्त सार्जंट. बापजाद्यांत कुणी डिनर जॅकेट घातलं नाही. पंचविसाव्या लग्नवाढदिवसाला बायकोला जहाजावर घेऊन आलाय. आजूबाजूला वकील, सर्जन, कंपन्या विकून मोकळे झालेले लोक, ज्यांना बो टाय हातानं बांधता येतो. त्याच्याकडे एकच कपडा असा आहे, की ज्यात तो या लोकांच्या मध्ये बसला तरी चुळबुळत नाही. मी त्याला सांगणार, की मित्रा, भाड्याचा सूट घाल, तो जास्त विनम्र दिसेल? पैशाचा दिखावा त्या खोलीत सगळीकडे आहे, हिऱ्यांच्या कुड्यांपासून मनगटावरच्या घड्याळांपर्यंत, आणि त्याला आपण शिष्टाचार म्हणतो. शोबाजीचा आरोप बरोबर त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतो. हा मुद्दा मला कुठल्याही बाजूनं उडवून लावता आलेला नाही.

म्हणून ज्यानं आमच्या बॉटला विचारलं होतं त्याला माझं उत्तर ‘घाला’ असंच असेल, पण काही पोटप्रश्नांसह. डिनर जॅकेट अंगावर चढत असेल आणि त्याची लाज वाटत नसेल, तर त्याच्यावर छोटी पदकं लावणं हा पर्याय मला जास्त रुचतो. ज्याला वाचता येतात तो वाचेल, बाकीच्यांवर बोजा नाही. वर्दीच घालायची असेल तर एखाद्या रात्री घालावी, रोज नव्हे. बारमध्ये कुणी त्यापायी पाजायला लागलं तर आपले पैसे आपण द्यावेत. खोट्या माणसासाठी कायद्यानं ओढलेली फायद्याची रेघ खऱ्या माणसानं स्वखुशीनं पाळायला हरकत नाही. आणि ताट उचलायला आलेल्या माणसाच्या जॅकेटवरचं नाव वाचावं. इतकी वर्षं हुकमाखाली काढलेल्या माणसाला ते बाकीच्यांपेक्षा सहज जमायला हवं.

आणि त्याच टेबलावर शेजारच्या खुर्चीत आपण असलो तर? मला वाटतं आभार मानायची घाई करू नये. आभारानं संभाषण बंद होतं, तो ‘धन्यवाद’ म्हणतो आणि दोघंही सुपाकडे वळतात. त्यापेक्षा कुठं होतात, रोज काय काम असायचं, हे विचारावं. सैन्यातली बहुतेक नोकरी ही नोकरीच असते, रसद, वायरलेस, गाड्यांची दुरुस्ती. तो कदाचित सांगेल, की त्यानं बावीस वर्षांतली सतरा कोठारात ट्रकांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यात घालवली, आणि कुठल्या वाळवंटात कुठला गास्केट दर आठवड्याला फुटायचा.